गरम सुई

वास आपल्याच अंगाचा आहे, हे इशेनाली अगायांना पहिले दोन दिवस कळलंच नाही. त्यांना वाटलं, इस्पितळाच्या मागच्या अंगाला कोणीतरी मेंढीची आतडी टाकली असावीत. त्यांनी झूराला, म्हणजे बायकोला, खिडकी लावून घ्यायला सांगितलं. तिने लावली, आणि वास वाढला. तेव्हा ते काय समजायचं ते समजले आणि उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

गावातल्या नर्सिंगच्या शाळेत ते तीस वर्षं औषधशास्त्र शिकवत होते. मास्तर म्हणून सगळं गाव त्यांना अगाय म्हणे. आज नववा दिवस होता, आणि हे अगाय शल्य विभागातल्या खाटेवर पालथे पडलेले होते. उजव्या कुल्ल्यावर, जिथे सुई देतात नेमक्या त्याच जागी, मूठभर मांस मेलं होतं. सर्जनने ते दोनदा कापून काढलं. आता तिथे एक खड्डा होता आणि खड्ड्यात कोंबलेली पट्टी. पट्टी रोज बदलायची. बदलताना काय निघतं, ते अगायांना दिसत नव्हतं, पण शेजारच्या खाटेवरच्या मेंढपाळाच्या तोंडाकडे पाहिलं की कळे. घोडी अंगावर पडून त्याचा पाय मोडला होता. पट्टी सुटायला लागली की तो टोपी नाकावर ओढून घेई.

"अगाय, राग मानू नका," तो एकदा म्हणाला, "पण माझी घोडी बरी. तिने निदान समोरून मारलं."

अगायांना सगळ्याचीच किळस येत होती. पालथं पडून चहा पिताना हनुवटीवरून ओघळणाऱ्या चहाची. भेटायला येणाऱ्यांची. रिकाम्या हातांनी आजाऱ्याकडे जायची रीत नाही, म्हणून जो तो उकडलेलं मांस, कणकेचे तळलेले बोरसोक आणि कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, बाटल्या घेऊन येई, आणि आजारी माणूस खात नाही म्हटल्यावर स्वतःच खायला बसे. कापलेल्या माणसाच्या मांसाचा वास आणि थंड झालेल्या मेंढीच्या चरबीचा वास एकमेकांत मिसळत. लोक बोटं चाटत विचारत, "अगाय, नेमकं कुठे झालंय?" ठाऊक सगळ्यांना होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं असे.

पण सर्वांत मोठी किळस वेगळी होती. हे कशामुळे झालं, ते अगायांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

वसंतात त्यांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या. डॉक्टरने कॅल्शियम ग्लुकोनेट लिहून दिलं. स्नायूत द्यायचं, पाच दिवस. साधी गोष्ट. पण या गावात वसंत आला की घरोघरी दुसरंच कॅल्शियम आणून ठेवलेलं असतं, क्लोराइड. ते शिरेत देतात. देताना घशापासून तळपायापर्यंत उष्णतेची लाट जाते आणि लोकांना वाटतं, हिवाळ्याचं घाण रक्त धुऊन निघालं. तिला म्हणतात गरम सुई. म्हाताऱ्या बायका ती हक्काने मागून घेतात. झूराच्या कपाटातही एक खोकं होतं, आणि अगायांचं ग्लुकोनेट त्याच्याच शेजारी जाऊन बसलं. दोन्ही अँप्यूल दिसायला बहिणीबहिणी. दोन्ही दहा मिलीची, दोन्ही दहा टक्के.

मागच्या गल्लीतली उमसुन दवाखान्यातून घरी जाताना सुई देऊन जाई. दोन वर्षांपूर्वी ती अगायांच्याच हातून पास झाली होती. बावीस वर्षांची पोर, बोलकी, हात हलका. ती आली आणि अगायांना इतका संकोच झाला की पँट चार बोटं खाली सरकवून ते तोंड भिंतीकडे करून पडले. भिंतीवर नमद्याचा गालिचा होता. त्यावरची शिंगांची नक्षी ते मोजत राहिले. तीस वर्षं ते प्रत्येक वर्गाला सांगत आले होते, की अँप्यूल फोडण्याआधी रोग्याच्या डोळ्यांसमोर धरा, त्याला वाचता येवो की न येवो. उमसुनने धरलं नाही. त्यांनी मागितलं नाही.

सातव्या शिंगाला आग सुरू झाली.

"उमसुन, काय देतेस?"

"कॅल्शियमच, अगाय. गरम लागणारच थोडं. तुम्हीच तर शिकवलंत!"

ती सुई काढून कापूस चोळत होती, तेव्हाच अगायांना कळलं होतं. काय करायचं, तेही माहीत होतं. त्याच जागी सुई पुन्हा घालायची, ओढता येईल तेवढं मागे ओढायचं, भोवताली सलाइन द्यायचं, आणि तडक इस्पितळ गाठायचं. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर होतं. कोपऱ्यातला चहाचा डाग दिसत होता. पण पँट खाली होती, पोरगी विद्यार्थिनी होती, आणि दारात झूरा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ते म्हणाले, "ठीक आहे." पँट वर घेतली. उभ्याउभ्याच चहा प्यायले. उमसुनला मुरंबाही वाढला.

ते "ठीक आहे" आठवलं की अगायांना उलटी येई.

नवव्या दिवशी दुपारी उमसुन आली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं.

"अगाय, सूप आणलंय. आईने केलंय. गरम आहे तोवर घ्या."

"ठेव."

तिने ठेवलं. वास आला तशी तिच्या नाकपुड्या हलल्या, पण तिने तोंड फिरवलं नाही. अगायांना ते आवडलं.

"मोठ्या सिस्टरने नोंदीत लिहिलंय, रोग्याची त्वचा अस्वच्छ होती म्हणून गळू झालं. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, अगाय आठवड्यातून दोनदा हमामात जातात, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. औषधच नासकं आलं असणार."

"औषध नासकं नव्हतं."

"मग सुई असेल. हल्ली सुया कसल्या येतात!"

अगायांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती लपवत नव्हती. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"उमसुन, ती सुई अजून देतेस कोणाला?"

"गरम सुई? रोज! वसंत आहे ना. पण लोकांना शिरेतच देते. तुमच्या कागदावर स्नायू लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला स्नायूत दिली. आज सकाळी शेजारच्या काल्यानच्या आजीची शीरच सापडेना. तिला म्हटलं, आजी, रडू नका, अगायांनासुद्धा स्नायूत लिहून दिली होती, उद्या तुम्हालाही तशीच देते."

"नाही!"

अगाय कोपरांवर उठले. कमरेतून कळ मस्तकापर्यंत गेली. मेंढपाळाने टोपी वर केली. त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, झूरानेही नाही.

"ग्लुकोनेट स्नायूत चालतं. क्लोराइड नाही चालत. क्लोराइड मांस जाळतं. शिरेत रक्त वाहतं असतं, हळूहळू दिलं तर ते त्यात पातळ होऊन पुढे जातं. स्नायूत ते जाईल कुठे? तिथेच बसतं. आणि तिथलंच खातं."

"पण दोन्ही कॅल्शियमच ना, अगाय?"

"घोडा आणि लांडगा, दोघांना चार पाय असतात," मेंढपाळ मध्येच म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उमसुनचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "असं असतं तर माझ्या वहीत असतं ना? मला पाच होते तुमच्याकडून. पाचापैकी पाच!"

"घेऊन ये वही."

ती धावत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. जाड पुठ्ठ्याची वही, प्लॅस्टिकचं कव्हर, प्रत्येक धड्याच्या आरंभी रंगीत अक्षरं. कॅल्शियमच्या पानाच्या कोपऱ्यात ट्युलिप काढलेलं होतं. मधोमध तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'क्लोराइड फक्त शिरेत, सावकाश. स्नायूत किंवा कातडीखाली कधीही नाही. मांस मरते.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. त्याच्याखाली हिरव्या शाईत अगायांची सही: 'अतिशय सुंदर. 5.'

उमसुनने त्या लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"मी लिहिलं होतं, अगाय," ती हळूच म्हणाली. "वाचलं नव्हतं."

ते वाक्य तिच्यापेक्षा अगायांनाच जास्त लागू होतं. शाळेची पद्धतच तशी. अगाय धडा सांगत, पोरी उतरवून घेत, वर्षाच्या शेवटी वही तपासली जाई. तोंडी परीक्षा कागदोपत्री होती, पण अगाय ती घेत नसत. प्रश्न विचारला की पोरी खाली मान घालत, एखादी रडे, आणि अगायांचे कान लाल होत. त्यापेक्षा वही बरी. सुंदर अक्षर पाहिलं की त्यांना वाटे, हिला कळलंय. स्वतःही ते पुस्तकांवर असंच प्रेम करत आले होते, पानं न दुमडता.

"काल्यानच्या आजीकडे आत्ता जा," ते म्हणाले. "तिला सांग, गरम सुई कोणालाच नको."

उमसुन गेली. सूप तसंच राहिलं. त्यावर चरबीचा पांढरा पापुद्रा धरला.

तो पापुद्रा प्राचार्य शेर्मातने चमच्याने बाजूला सारला आणि सूप स्वतःच पिऊन टाकलं. तो पन्नाशीचा, गोल, घामेजलेला माणूस. संध्याकाळी आला तो बगलेत फाईल घेऊन.

"इशेके!" त्यांचं नाव सलगीने आखडून म्हणत तो खाटेच्या कडेवर बसला, तशी जखम दुखली. "तब्येत छान दिसतेय. तोंडावर रंग आलाय."

"ताप आहे."

"तेच ते. हे बघा, एकतीस पोरी. परवा दाखले वाटायचेत, आरोग्य खात्याचा माणूस येतोय, मेंढी सांगून ठेवलीय. वह्या सगळ्या जमल्यात, दोन पोती! काय एकेकीचं अक्षर, इशेके! तुमच्या हाताखालून गेलेली पोर ओळखू येते. तुम्ही फक्त इथे सही करा, आकडे मी घालतो."

"मी वह्या पाहिल्या नाहीत."

"मी पाहिल्या ना! एकीने तर हृदय काढलंय, जिवंत वाटतं." त्याने उशाशी ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडून मांसाचा तुकडा उचलला, दातांनी ओढला, आणि आवाज खाली आणला. "आणि ते उमसुनचं. जास्त बोलू नका कुठे. पोरीचं लग्न ठरायचंय. शाळेचं नाव जाईल. आणि तुमचं तरी काय राहील? लोक म्हणतील, मास्तरची चेली आणि मास्तरलाच टोचलं, तेही कुठे!" तो हसला. दातांत मांसाची तार अडकली होती. वर्तमानपत्राला बोटं पुसून त्याने पेन पुढे केलं. "घ्या."

पेन चिकट होतं. अगायांनी ते घेतलं. हाताला सवय होती, तो कागदाकडे जाऊ लागला. या माणसाची जितकी किळस येत होती, तितकीच त्या हाताची आली.

"उद्या करतो," ते म्हणाले.

"उद्या म्हणजे सकाळी हं. तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत, म्हणून तर मी तुमच्या बाबतीत निर्धास्त असतो, इशेके." त्याने त्यांच्या निरोगी कुल्ल्यावर थोपटलं आणि गेला.

मग पट्टीची सिस्टर आली. तिचं नाव अगायांना आठवेना, पण तीही त्यांचीच होती. वहीवर फुलपाखरं काढायची. श्वास रोखून, तोंड बाजूला करून तिने खड्ड्यातली पट्टी ओढली. काहीतरी ओलं ट्रेमध्ये पडल्याचा आवाज झाला. मग तिने कुठल्यातरी बाटलीतून काहीतरी ओतलं. भयंकर झोंबलं.

"काय ओतलंस?"

"रोजचंच, अगाय."

"रोजचं म्हणजे काय?"

"ती तपकिरी बाटली हो." ती चिडली. "तुम्ही पडून राहा ना स्वस्थ!"

अगाय पडून राहिले आणि हिशेब करत राहिले. दरवर्षी तीसेक पोरी. या इस्पितळात, गावोगावच्या दवाखान्यांत, घाटापलीकडच्या उन्हाळी कुरणांत, सगळीकडे त्यांचे हिरवे पाच फिरत होते. हातात सुई घेऊन. त्यांनी मान खाटेबाहेर काढली. झूराने तसराळं पुढे धरलं.

"ही त्या औषधांची उलटी," ती म्हणाली.

"नाही," ते तोंड पुसत म्हणाले. "शेर्मातला फोन लाव. सांग, सही नाही. उद्या पोरींना इथे पाठव. वह्या नकोत."

"इथे? या वासात?"

"याच वासात. आणि पट्टी त्यांच्यासमोर बदलायची."

झूरा तसराळं घेऊन उभीच राहिली. "अहो, पस्तीस वर्षांच्या संसारात मी तुमची पाठ धड पाहिली नाही. दिवा मालवून कपडे बदलता तुम्ही. आणि आता एकतीस पोरींसमोर..."

"मला आठवण करून देऊ नकोस," अगाय म्हणाले. "नाहीतर माझा धीर जाईल."

सकाळी सर्जन ओरडला, की हे इस्पितळ आहे, बाजार नाही. मग त्याने जखमेचा कागद वाचला आणि म्हणाला, "पाच-पाच जणी. पायांत पिशव्या घालून." अगायांनी त्याला नोंद बदलायला सांगितलं: गळू नव्हे, औषध चुकीच्या मार्गाने दिलं. आणि खाली लिहा, शिक्षकाने तोंडी परीक्षा घेतली नव्हती.

"त्याला रकाना नाही, अगाय."

"मग समासात लिहा."

पोरी पाच-पाच करून आल्या. पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या, हात रिकामे. वही नसल्यामुळे त्यांना हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं. खाटेशेजारच्या स्टुलावर दोन अँप्यूल आणि डॉक्टरची चिठ्ठी. अगाय पालथेच होते. प्रत्येकीला जमिनीवर उकिडवं बसून त्यांच्या तोंडाशी तोंड आणावं लागे.

"कोणाला द्यायचंय? कोणतं? किती? कुठून? आणि तिथूनच का?"

पहिलीने पाठ केलेला धडा सुरुवातीपासून म्हणायला घेतला, अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दुसरीने दोन्ही अँप्यूल स्नायूत द्यायला सांगितली. तिसरी म्हणाली, "अगाय, माझ्या वहीत सगळं आहे, शपथ!" चौथी रडली. अगायांचे कान लाल झाले, घाम आला, आणि तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "तिथूनच का?"

पाचवी सेझिम. घाटापलीकडची, अक्षर असं की कोंबडी शाईत नाचून गेलीय. गेल्या वर्षी अगायांनी तिला जेमतेम तीन दिले होते. तिने चिठ्ठी उजेडात धरली, एक अँप्यूल उचललं, अक्षर-अक्षर वाचलं, ठेवलं, दुसरं उचललं.

"हे," ती म्हणाली. "ते दुसरं त्या चिठ्ठीत नाहीच. मग ते या स्टुलावर कशाला ठेवलंय? उचला ना."

अगायांनी डोळे मिटले. झूराच्या कपाटाजवळ हे कोणी म्हणालं असतं तर!

मग चादर बाजूला झाली. भिंत त्यांच्या डाव्या हाताला होती, स्वच्छ, रिकामी. मान तिकडे वळू पाहत होती. त्यांनी ती पोरींकडेच ठेवली. पट्टी निघाली. वास खोलीभर पसरला, आणि पहिली पोर तोंड दाबून खिडकीकडे धावली. दुसरीने तिथेच तसराळं गाठलं.

"कडेचं काळं आहे ते मेलेलं," अगाय वर्गातल्या त्याच हळू आवाजात म्हणाले. चेहरा भाजत होता. "पिवळं आहे ते मरतंय. दहा मिली. जवळ या. अजून जवळ. लिहू नका. वास घ्या."

दुपारपर्यंत सात गट झाले, सहावा सहा जणींचा. सहाव्याच्या वेळी शेर्मात येऊन दारात उभा राहिला. नाकाला रुमाल होता. "इशेके, ही काय थेरं? लोक हसतायत बाहेर!"

"हसू देत."

"किती झाल्या पास?"

"अकरा."

"अकरा! आणि आरोग्य खात्याचा माणूस? आणि मेंढी?"

"मेंढी अकरा जणांना पुरेल," मेंढपाळ टोपीखालून म्हणाला.

सातवा गट एकीचाच होता. उमसुन सगळ्यांच्या शेवटी येऊन बसली. कोट नव्हता, मोठ्या सिस्टरने सुई काढून घेतली होती. सहा महिने फक्त पट्ट्या. काल्यानच्या आजीने तिला शिव्या घालून हाकललं होतं, गरम सुई मिळाली नाही म्हणून. तिने पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. अगायांनी आकडा लिहिला नाही. तिनेही विचारला नाही.

"पट्टी मी करू?" ती म्हणाली.

ती हात धुऊन आली. तपकिरी बाटली उचलली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. अगायांना काहीच दिसेना. चष्मा नव्हता. झूरा उशीखाली, पिशवीत, बोरसोकांच्या डब्याशेजारी शोधत राहिली. जखम उघडी होती. माश्या येत होत्या. उमसुन बाटली तशीच धरून उभी राहिली.

चष्मा सापडला. काचेवर चरबीचा ठसा होता. अगायांनी तो उशीला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बाटलीवरचं बारीक अक्षर सावकाश, मोठ्याने वाचलं. नाव, टक्केवारी, तारीख.

"हं," ते म्हणाले. "आता ओत."